रस्त्याच्या काँक्रीटमधले स्टील फायबर: पोत्यापासून तड्यापर्यंत

आधी एक गोष्ट सांगून टाकते. स्टील फायबर, म्हणजे काँक्रीटमध्ये मिसळायचे तारेचे छोटे तुकडे, टाकले की काँक्रीटला तडा जातच नाही, असं कुणी विक्रेता सांगायला लागला तर त्याच्याकडून माल घेऊ नका. तडा जातो. आमच्या रस्त्यात अकरा स्लॅबना गेला, आणि त्या अकराही तड्यांची वही माझ्या कपाटात आहे. तरीसुद्धा पुढच्या कामाला मी हाच माल मागवणार आहे. का, ते त्या वहीतूनच कळेल. पण पोत्यापासून सुरुवात करू.

मी काँक्रीटची क्वालिटी बघते. म्हणजे ताकद तपासायला काँक्रीटचे ठोकळे (क्यूब) भरायचे, स्लम्प घ्यायचा (शंकूच्या साच्यातून काढलेलं ओलं काँक्रीट किती बसतं ते मोजायचं), आणि दिवसभर "पाणी घालू नका" म्हणून ओरडायचं. चार वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या आवारातला रस्ता आम्ही केला. ६३० मीटर लांब, ७ मीटर रुंद, २०० मिमी जाड, काँक्रीट एम-४० (म्हणजे दाबाची ताकद ४० मेगापास्कल या ग्रेडचं). वरून भरलेले ट्रेलर आणि अधूनमधून फोर्कलिफ्ट. सळ्यांच्या जाळीच्या जागी घनमीटरला ३० किलो स्टील फायबर. स्लॅब साडेचार मीटर बाय साडेतीन मीटर, एकूण २८०. प्रत्येकाला नंबर दिलेला आहे. तो हट्ट माझाच होता आणि त्यावरून तेव्हा माझी थट्टाही झाली.

माल असा होता: थंड अवस्थेत ओढलेली तार, ६० मिमी लांब, ०.९ मिमी जाड, दोन्ही टोकं हुकासारखी वळवलेली. सुटे तंतू नव्हते. एकाला एक चिकटवलेल्या पट्ट्या होत्या, स्टेपलरच्या पिनांची पट्टी असते तशाच. डिंक पाण्यात विरघळणारा. वीस किलोचं कागदी पोतं, एका माणसाला उचलता येईल असं. एवढ्या साध्या वस्तूत बघण्यासारखं काय आहे, असं मलाही वाटलं होतं. मग हिशोब करून बघितला. या मापाचे एका किलोत सुमारे ३,३०० तंतू बसतात. घनमीटरला ३० किलो म्हणजे एक लाख. म्हणजेच काँक्रीटच्या प्रत्येक लिटरमध्ये शंभर तंतू, आणि एका घनमीटरमध्ये सहा किलोमीटर तार. आकारमानाने मात्र ही सगळी तार काँक्रीटच्या ०.४ टक्केसुद्धा भरत नाही. शंभर तंतू प्रत्येक लिटरमध्ये खरोखर पोचले की नाही, यावर या मालाची सगळी किंमत ठरते. आणि ते पोचवणं कारखान्याच्या हातात थोडं असतं, आपल्या हातात जास्त.

पहिल्या दिवशी आम्ही ते साफ बिघडवलं. दोष या मालाचा नव्हता. ट्रायलसाठी दुसऱ्या एका पुरवठादाराचे सुटे, न चिकटवलेले फायबर आणले होते. तेवढेच लांब पण बारीक, लांबी भागिले जाडी काढली तर ८० यायची. काँक्रीट प्लांटवरच्या माणसाने ट्रान्झिट मिक्सरच्या (काँक्रीट आणणाऱ्या गाडीच्या) रिकाम्या ड्रममध्ये आधी सगळी पोती ओतली आणि मग वरून काँक्रीट घेतलं. गाडी साइटवर आली, च्यूट (काँक्रीट ओतायची पन्हळ) उघडली आणि पहिल्यांदा धपकन एक गोळा पडला. फुटबॉलएवढा. तारांचा गुंता, मधे कोरडी खडी, बाहेर सगळीकडून टोकं. मुकादम म्हणाला, "मॅडम, साळिंदर आलं." त्या गाडीतून चौदा साळिंदरं निघाली. उरलेल्या काँक्रीटमध्ये तार शोधावी लागत होती. ती गाडी आम्ही वजनकाट्यामागच्या खड्ड्यात रिकामी केली. तेव्हापासून साइटवर "साळिंदर किती?" हा रोजचा प्रश्न झाला.

त्यामुळे या मालाचं पहिलं कौतुक त्या डिंकाचं. बारीक आणि लांब तंतू काँक्रीटला जास्त धरून ठेवतात, पण तेच तंतू एकमेकांतही जास्त अडकतात. चिकटवलेली पट्टी ड्रममध्ये एका जाड काडीसारखी वागते. ती आधी पसरते, मग डिंक सुटतो आणि तंतू जागच्या जागी मोकळे होतात. आम्ही शेवटी ठरवलेली पद्धत अशी: काँक्रीट पूर्ण तयार, ड्रम पूर्ण वेगात, आणि मिनिटाला दोन पोत्यांपेक्षा जास्त नाही. सहा घनमीटरच्या गाडीला नऊ पोती. शेवटचं पोतं गेल्यावर आणखी पाच-सहा मिनिटं ड्रम तसाच पूर्ण वेगात. ड्रायव्हरला ही सहा मिनिटं जिवावर येतात. म्हणून मी घड्याळ घेऊन शिडीजवळ उभी राहायचे. च्यूटवर सळ्यांची एक जाळीही बसवली होती, साळिंदर आलंच तर अडकावं म्हणून. नंतरच्या सगळ्या रस्त्यात तिच्यात दोनच अडकली, दोन्ही भिजलेल्या पोत्यांमुळे.

भिजलेली पोती ही या मालाची मोठी दुखरी जागा. डिंक पाण्यात विरघळतो, म्हणजे पावसातही विरघळतो, ताडपत्रीखाली साचलेल्या ओलीतही. एका रात्री फळीवर न ठेवता खाली जमिनीवर ठेवलेली पोती सकाळी आतून सुटी झालेली, वर गंजलेलीही. पोतं कागदाऐवजी प्लास्टिकचं असतं तर फाडायला त्रास झाला असता, हे मान्य. पण आत एक पातळ अस्तर द्यायला काय हरकत होती? या एका गोष्टीसाठी मी अर्धा गुण कापते.

तंतू पोचले की नाही हे बघायची परीक्षा फार साधी आहे, आणि ती कुणी करत नाही याचं मला अजून नवल वाटतं. गाडीच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं असं तीन वेळा दहा-दहा लिटर ओलं काँक्रीट घ्यायचं, चाळणीवर धुवायचं, लोहचुंबकाने तार उचलायची, वाळवायची आणि वजन करायचं. घनमीटरला ३० किलो असेल तर दहा लिटरमध्ये ३०० ग्रॅम यायला हवेत. माझं चुंबक एका जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं आहे. चांगल्या गाड्यांची वजनं २७५, ३१०, २९५ अशी यायची. एकदा १९०, ३००, ४१० आली. सरासरी काढली तर अगदी ३००! कागदावर गाडी पास. पण त्या गाडीतून सुरुवातीला पडलेल्या काँक्रीटमध्ये शेवटच्या काँक्रीटच्या निम्मेही तंतू नव्हते. ड्रायव्हरने कबूल केलं की त्या दिवशी डिझेल वाचवायला ड्रम हळू फिरवला होता. ते सुरुवातीचं काँक्रीट गेलं तो स्लॅब नंबर ६४. पुढे त्याच्याकडे परत येते.

आता पाण्याचं भांडण. फायबर टाकले की स्लम्प हमखास पडतो. काँक्रीट कडक, केसाळ दिसतं, फावडं मारलं तर हटत नाही. गवंडी पाइप हातात घेऊन तयार. पण स्लम्पचा शंकू या काँक्रीटवर अन्याय करतो: नुसतं ठेवलं तर ते उभं राहतं, व्हायब्रेटर लावला की व्यवस्थित वाहतं. हे डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटत नाही. मी एकदा घमेलं भरून त्याला नीडल, म्हणजे व्हायब्रेटरची काठी, लावून दाखवलं आणि त्यानंतर पाइपचं भांडण अर्ध्यावर आलं. फायबर घालण्याआधीच स्लम्प वाढवून घ्यावा, तोही सुपरप्लास्टिसायझरने (पाणी न वाढवता काँक्रीट सैल करणाऱ्या रसायनाने), पाण्याने नव्हे. वाळूचं प्रमाण थोडं वाढवावं. आणि खडी २० मिमीच्या वर जाऊ देऊ नये. तंतूला खडीभोवती फिरायला जागा पाहिजे. पंपाने टाकणार असाल तर ६० मिमीच्या तंतूला बारीक होज चालत नाही. आमची ट्रायल एकदा चार इंची रबरी होजच्या वळणावर अडकली आणि तिथेच पंपाचा नाद सोडला.

जाळी नसण्याचा फायदा मात्र पहिल्या तासातच कळतो. ट्रान्झिट मिक्सर सरळ बेडवरून (काँक्रीटखालच्या तयार थरावरून) मागे येतो आणि जिथे हवं तिथे ओततो. जाळी असती तर? जाळी उचलून धरायला चेअर लावा, जाळी बांधा, पंप आणा, आणि मग मजूर तिच्यावर उभे राहून काँक्रीट ओढणार. याच आवारातला जुना रस्ता आम्ही उखडला तेव्हा त्यातली जाळी मी मोजली होती. नकाशात ती वरच्या एक तृतीयांशात होती, कारण रस्त्याच्या स्लॅबमधली जाळी वरचा तडा मिटलेला ठेवण्यासाठी असते. प्रत्यक्षात ती खाली, तळाशी अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदाला चिकटून पडलेली. कित्येक ठिकाणी तिच्या खाली काँक्रीटच नव्हतं. इतकी वर्षं ते लोखंड रस्त्याखाली नुसतं झोपलं होतं. ८ मिमीच्या सळ्या दोन्ही बाजूंनी २०० मिमीवर धरल्या तर २०० मिमीच्या स्लॅबमध्ये घनमीटरला साधारण २० किलो लोखंड होतं. फायबर ३० किलो. म्हणजे लोखंड वाचतं हा दावा खोटा. आमच्या कामात ते जास्तच लागलं. वाचतात ते दिवस, आणि लोखंड कुणाच्या बुटाखाली जाऊन तळाला बसत नाही.

ही कल्पना काही कालची नाही. काँक्रीटमध्ये लोखंडाचे तुकडे मिसळण्याचं पेटंट अमेरिकेत १८७४ साली बेरार्ड नावाच्या माणसाने घेतलं होतं. तारांचं अंतर कमी केलं की तडा पुढे पळताना अडतो, हे गणित रोमुआल्डी आणि बॅटसन यांनी १९६३ मध्ये मांडलं, आणि १९७१ मध्ये ओहायो राज्यात ॲशलंडजवळच्या ट्रक वजनकाट्याला स्टील फायबरच्या काँक्रीटचा रस्ता केला गेला. म्हणजे पन्नास वर्षांहून जुना अनुभव जगाकडे आहे. तरी साइटवर अजून "हे नवीन काहीतरी" म्हणूनच आणलं जातं आणि म्हणूनच जुन्या चुका नव्याने होतात.

त्यातली एक चूक म्हणजे जाडी कमी करण्याची घाई. आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याने पहिल्याच बैठकीत २०० चे १५० मिमी करून दाखवले. गोदामाच्या फरशीच्या गणितात तडा गेल्यावर भार आजूबाजूला वाटला जातो आणि फायबर तो भार धरतात. ते गणित त्या जागी खरं आहे. पण रस्त्याचं चाक स्लॅबच्या मधोमध थोडंच चालतं? ते कडेवरून आणि कोपऱ्यावरून जातं, दिवसाला शेकडो वेळा. कोपऱ्याला भार वाटून घ्यायला चारही बाजूंनी सलग काँक्रीट नसतं. शिवाय स्लॅब पातळ आणि सिमेंट भरपूर केलं की वरचा भाग आधी आकसतो, कोपरे वर उचलले जातात, आणि उचललेल्या कोपऱ्यावर चाक आलं की तो मोडतो. मी २०० वर अडून बसले. जॉइंटमधले, म्हणजे दोन स्लॅबच्या सांध्यातले, डॉवेल बारही (दोन्ही स्लॅबमध्ये शिरणाऱ्या सळ्या) काढू दिले नाहीत, कारण उघड्या जॉइंटवरून एका स्लॅबचं ओझं दुसऱ्यावर न्यायचं काम साठ मिलिमीटरची तार करू शकत नाही.

मग फायबर नेमकं करतात काय? हे मला बीम मोडल्यावर कळलं. १५० बाय १५० चा बीम, लांबी ५५० मिमी, खाली मधोमध २५ मिमीची खाच, ५०० मिमीच्या टेकूंवर ठेवून वरून दाब. ही इएन १४६५१ या युरोपीय मानकाची पद्धत. साधा बीम असला की एक फट्ट आवाज येतो आणि दोन तुकडे दोन बाजूंना पडतात. फायबरच्या बीमलाही जवळजवळ त्याच भाराला तडा जातो. ३० किलोच्या डोसने पहिल्या तड्याचा भार किंवा दाबाची ताकद वाढल्याचं मला दिसलं नाही आणि तशी अपेक्षाही धरू नये. फरक त्यानंतर दिसतो. बीम पडत नाही. खाचेचं तोंड अर्धा मिलिमीटर उघडतं, मग दीड, मग अडीच, मग साडेतीन, आणि मशीन अजून भार दाखवत असते. आतून बारीक कुरकुर ऐकू येते. ती कुरकुर म्हणजे हुक सरळ होत असतात.

तो बीम नंतर हाताने उघडून बघितला तर टोकं सरळ झालेले तंतू बाहेर आलेले. हेच हवं असतं. तार तुटली तर काम एका झटक्यात संपतं. हुक सरळ होत, घासत, हळूहळू बाहेर आला तर तो वाटेत ऊर्जा खात राहतो. म्हणून काँक्रीट जास्त ताकदीचं असेल तर तारही जास्त ताकदीची लागते. नाहीतर काँक्रीट हुकाला सोडत नाही आणि तार मधेच तुटते. आमच्या तारेची ताकद हजार मेगापास्कलच्या वर होती आणि एम-४० ला ती पुरली.

इथे खरेदी करणाऱ्यांसाठी एक कान टोचते. "एएसटीएम ए-८२० प्रमाणे" (हे अमेरिकन मानक) एवढ्यावर समाधान मानू नका. त्या मानकात तारेच्या ताकदीची किमान सरासरी फक्त ३४५ मेगापास्कल मागितली आहे. पत्रा कापून केलेला फायबरसुद्धा त्यात सहज बसतो. मागायचा तो कागद इएन १४८८९-१ चा. त्यात उत्पादकाला सांगावं लागतं की ठरलेल्या काँक्रीटमध्ये खाच अर्धा मिमी उघडल्यावर १.५ आणि साडेतीन मिमी उघडल्यावर १ मेगापास्कल उरायला घनमीटरला त्याचा माल किती किलो लागतो. दोन कंपन्यांची पोती शेजारी ठेवायची तर हा आकडा बघून ठेवायची, किलोचा भाव बघून नाही. आमच्या निवडीत किलोमागे स्वस्त असलेला माल याच आकड्यावर मागे पडला.

बीमच्या चाचणीची एक खोडही सांगते. एकाच गाडीतल्या सहा बीमचे आकडे एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. मी मोडलेल्या तोंडांवरचे तंतू मोजले: एकावर ४१, दुसऱ्यावर ६७. हिशोबाने पंचावन्नच्या आसपास यायला हवे होते. इतक्या थोड्या तारांवर निकाल अवलंबून असेल तर दोन-चार तारा इकडच्या तिकडे झाल्या की आकडा हलणारच. लॅबवाल्यांशी भांडू नका. बीम जास्त घाला आणि तोंडावरच्या तारा मोजून लिहून ठेवा.

फिनिशिंग. इथे माझा सगळ्यात जास्त घाम गेला, आणि मालाच्या पत्रकात यावर मोजून दोन ओळी आहेत. रस्त्याला खरखरीत पृष्ठभाग लागतो, नाहीतर ओल्यात ब्रेक लागत नाही. आम्ही नेहमीसारखा लोखंडी दातांचा ब्रश ओढला आणि मागून बघते तर रस्त्यावर तारांचं पीक उगवलेलं. ब्रशचे दात प्रत्येक तंतूचं टोक पकडून वर आणत होते. पुढच्या पट्ट्यात व्हायब्रेटिंग स्क्रीडची (थरथरत काँक्रीट सपाट करणाऱ्या पट्टीची) एक जास्तीची फेरी मारली, म्हणजे वर मॉर्टरचा (सिमेंट-वाळूचा) थर येतो आणि तार खाली दबते. त्यावर लाकडी फ्लोट, मग ओलं गोणपाट ओढलं, आणि शेवटी मऊ ब्रश, अगदी आडवा धरून, एकाच दिशेने. उलटा फिरवला की तार उठलीच. खोल चर पाहिजेच असतील तर काँक्रीट घट्ट झाल्यावर मशीनने कापावेत. जी टोकं तरी उरली ती दुसऱ्या आठवड्यात दोन मुलांनी पक्कड घेऊन, बसून बसून कापली. पहिल्या पट्ट्याला तीन दिवस लागले, शेवटच्याला दोन तास.

"टायर पंक्चर होतील का?" हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. चार वर्षांत या रस्त्यामुळे झालेलं पंक्चर कुणी माझ्यापर्यंत आणलेलं नाही. अनवाणी मात्र चालू नये. आणि काम चालू असताना हातमोजे, चष्मा, जाड तळाचे बूट हे नाटक नाही. ही तार बोटात शिरते आणि तिच्या टोकाला हुक असतो, आलेल्या वाटेने परत जात नाही.

गंजाबद्दल थोडक्यात. पहिल्या पावसानंतर रस्त्यावर तांबूस ठिपके आले आणि कारखान्याच्या मॅनेजरांचा फोन आला. वरवरच्या तारा गंजतात, त्यांचा डाग पडतो, टायरखाली घासून तो जातो. जाड सळी गंजून फुगते आणि काँक्रीटचा पापुद्रा उडवते, तसं ही बारीक तार करत नाही. तेवढी ताकद तिच्यात नसते, आणि तार सलग नसल्यामुळे गंज एकीकडून दुसरीकडे पळत नाही. दिसणं महत्त्वाचं असेल तर जस्त चढवलेले फायबर मिळतात.

जॉइंट कापण्याची, म्हणजे तडा ठरल्या रेषेवरच जावा म्हणून चीर पाडण्याची, वेळ या काँक्रीटमध्ये अवघड होते. लवकर कापलं तर ब्लेड तार ओढतं आणि कडा फाटते. उशीर केला तर स्लॅब स्वतःच कुठेतरी उघडतो. शिवाय फायबर चिरलेल्या जागेखालीही धरून ठेवतात, त्यामुळे उथळ चीर असली की काही जॉइंट उघडतच नाहीत आणि सगळी हालचाल एकाच जॉइंटमध्ये जमा होते. आमच्या पहिल्या पट्ट्यात चीर पाव जाडीची, ५० मिमी होती. तिथे चार जॉइंट मुके राहिले आणि पाचवा चार मिलिमीटर उघडा पडला. नंतर एक तृतीयांश, म्हणजे ६७ मिमी कापायला लागलो आणि तो त्रास गेला. ब्लेड मात्र नेहमीपेक्षा लवकर झिजतात, ते हिशोबात धरा.

क्युअरिंगला, म्हणजे काँक्रीटची ओल टिकवायला, सूट नाही. पहिल्या काही तासांत ओल्या काँक्रीटवर ऊन-वाऱ्याने जे केसासारखे तडे येतात, ते हे फायबर रोखत नाहीत. ते काम पॉलिप्रॉपिलीनच्या बारीक केसांचं, घनमीटरला किलोभरापेक्षा कमी लागतात. मे महिन्यातल्या एका दुपारी क्युअरिंग कंपाउंडचा (ओल टिकवायला वर फवारायच्या द्रवाचा) पंप बंद पडला आणि तीन स्लॅबवर असे तडे आले, भरपूर स्टील असूनसुद्धा.

आता ती वही. दर सहा महिन्यांनी मी तड्याची पट्टी घेऊन २८० स्लॅब चालून बघते. पट्टी म्हणजे पारदर्शक कार्ड, त्यावर ०.१ पासून वेगवेगळ्या जाडीच्या रेघा. अकरा स्लॅबना आरपार तडे आहेत. त्यातले नऊ ०.२ ते ०.३ मिमीवर थांबलेत. स्लॅब १३८ चा तडा पहिल्या वर्षी ०.२ होता, या वर्षी ०.२५. त्यावरून रोज ट्रेलर वळतात. तड्याची दोन्ही तोंडं एकमेकांत अजून इतकी घट्ट आहेत की बोट फिरवलं तर पायरी लागत नाही. खडीचे दात एकमेकांत अडकलेले राहतात, चाकाचं ओझं तड्यापलीकडे जातं, पाणी खाली फारसं उतरत नाही. या मालाने माझ्यासाठी केलेलं काम हेच, आणि एवढ्यासाठी मी तो घेते.

उरलेले दोन. स्लॅब ६४, कमी तारेचा, आज ०.७ मिमीवर आहे आणि त्याच्या कडा झडू लागल्यात. शेजारचा ६५, त्याच दिवसाचा, त्याच गाडीच्या नंतरच्या भागातला, त्याला तडाच नाही. दोन स्लॅबवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळतं, पण ड्रम हळू फिरवणाऱ्या ड्रायव्हरांना मी आता ६४ वर नेऊन उभं करते.

दुसरा स्लॅब ११२. त्याखालून जाणारी पाण्याची लाइन गळत होती आणि वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. खालचा थर वाहून गेला, स्लॅब अधांतरी राहिला आणि मोडला. तडा दोन मिलिमीटर. तरीही दोन तुकडे वेगळे झाले नाहीत, स्लॅब लोंबकळत राहिला आणि ट्रेलर त्यावरून जात राहिले. एका अर्थाने हे कौतुकाचं, दुसऱ्या अर्थाने धोक्याचं: साधा स्लॅब केव्हाच खचला असता आणि गळती महिनाभरात सापडली असती.

तो ११२ तोडताना या मालाचा आणखी एक स्वभाव कळला. ब्रेकर लावला की साध्या काँक्रीटची ढेकळं उडतात. इथे नुसतं भोक पडायचं. भोकाभोवतीचं काँक्रीट चुरा होऊनही तारांना धरून लटकलेलं. अर्ध्या दिवसाचं काम दीड दिवस चाललं, शेवटी चौकोन कापून क्रेनने उचलला. म्हणून रस्त्याखालून केबल, पाइप जायचे असतील तर त्यांच्यासाठी रिकामे पाइप आधीच टाकून ठेवा. नंतर खणायला येणारा माणूस तुम्हाला शिव्या देईल, आणि आमच्या बाबतीत तो माणूस आमचाच होता.

पाचपैकी चार गुण देते. अर्धा ओल्या पोत्यांचा कापला, अर्धा त्या पत्रकाचा, ज्यात जाडी कमी करण्याचं कोष्टक पानभर आहे आणि फिनिशिंगवर दोन ओळी. पुढच्या कामाची ऑर्डर लिहून ठेवली आहे: तोच ६० मिमीचा, चिकटवलेला, हुकाचा, घनमीटरला ३० किलो, पोती फळ्यांवर आणि दुहेरी ताडपत्रीखाली, जॉइंटची चीर ६७ मिमी, लोखंडी दातांचा ब्रश साइटवर आणायचाच नाही. आणि ड्रमच्या सहा मिनिटांसाठी मी दुसरं घड्याळ घेतलं आहे, पहिलं मुकादमाने मागून घेतलं.